तीर्थाआधीची चूळ

॥ श्री ॥
साक्री, ७ ऑगस्ट २०२५

चि. बेबीस कुंदाअक्काचा आशीर्वाद.

पाकीट बघून तुला हसू येईल. दोघी बहिणींच्या हातात मोबाईल असताना पोस्टाचा खर्च कशाला, असं तू जीवरामभाऊंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणशील. कारण असं आहे, की सोमवारी कानबाई मातेचं विसर्जन झालं, त्या दिवसापासून मी मौन धरलं आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत. फोनवर तू बोलणार आणि मी नुसतं हूं हूं करणार, त्यात काय अर्थ. मोबाईलवर लिहायचं तर प्रेमराजचा नाहीतर रूपाचा हात लागतो. मुलासुनेला मधे बसवून बहिणीशी बोलणं मला जमायचं नाही.

आषाढीला धरलेला नेम चालू आहेच. मंजन, आंघोळ झाली की देवघरात बसते. दम्याचा पंप तिथेच फळीवर ठेवला आहे. तो ओढल्याशिवाय पोथी वाचायला श्वास पुरत नाही. मग पूजा, पोथी, जप. दहा-साडेदहाला तीर्थ घेते, तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी दिवा लावला, पंप घेतला, की थेट सकाळपर्यंत पाणी नाही. एक दिवस धारणं, एक दिवस पारणं. पारण्यालाही आता दोन घास कमीच जातात.

यंदा कानबाईची गाणी धुरपदाबाईने सांगितली. मी सुरुवात करून दिली आणि मागे जाऊन बसले. आवाज बसला होता. नैवेद्याचे रोट चांगले झाले. भाऊबंदाबाहेर देता येत नाहीत, नाहीतर तुला पाठवले असते.

रूपाने माझा पेला वेगळा ठेवला आहे. काही बोलत नाही ती. भाविका पूर्वीसारखी अंगाला चिकटून बसत नाही. तिसरीत गेली, मोठी झाली.

मौनाचं कळल्यापासून भजनी मंडळातल्या बायका माझ्या पाया पडतात. मला ते आवडत नाही, पण नको म्हणायला बोलावं लागेल.

उत्तर लिही. वाचायला मला वेळच वेळ आहे.

तुझी,
कुंदाअक्का


चाळीसगाव, १५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास बेबाचा नमस्कार.

पत्र पोचलं. घरात मोठ्याने वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, "तुन्ही अक्का बोलनी नही, ते साक्रीमा निम्मा तंटा कमी व्हई." मी म्हटलं, माझ्या माहेराला नावं ठेवू नका, नाहीतर मीही मौन धरीन. तर म्हणे, "कधीपासून?"

हसण्यावारी नेलं खरं, पण अक्का, मला हे पचलेलं नाही. चाळीस वर्षं कानबाईची गाणी तू सांगतेस. प्रेमराज पोटात असताना नववा महिना लागला होता, तरी तुझा आवाज पार नदीपर्यंत गेला होता. तो आता एकाएकी बसला, आणि बसला तो थेट कार्तिकीपर्यंत?

रूपाशी काही वाजलं का? मला वेगळा पेला आवडला नाही. सासूचा पेला वेगळा कोण ठेवतं? आणि पोरगी आजीजवळ येत नाही ती आपल्या मनाने की आईने सांगितलं म्हणून? तू म्हणशील तर मी फोन करून रूपाला चार शब्द सांगते. मला तिची भीती नाही.

आणि एवढे उपास कशाला? अंगावर आहे काय तुझ्या? धारणं-पारणं करून देवाला तू कुठून दिसणार?

खरं लिही. माले खोटं चालत नही.

बेबा


॥ श्री ॥
साक्री, २५ ऑगस्ट २०२५

चि. बेबीस आशीर्वाद.

शुक्रवारी पोळा झाला, म्हणून लिहायला उशीर. आपल्याकडे आता बैल नाही, तरी मातीच्या जोडीला पुरणाचा नैवेद्य दाखवला.

रूपाला काही म्हणायचं नाही. हे पत्र वाचण्याआधी आईची शपथ घे, की यातलं एक अक्षरही रूपाला, प्रेमराजला, अगदी कुणालाही सांगणार नाहीस. शपथ घेतली असशील तर पुढे वाच. नसेल तर पाकीट चुलीत घाल.

माझ्या तोंडाला वास येतो, बेबी.

जुलैत सुरू झाला. आधी वाटलं, उपासाचं तोंड असतंच तसं. लवंग धरली, वेलची धरली. मग आरशात जीभ बघितली. फाटलेल्या दुधासारखे पांढरे थर, आतल्या गालालाही. तांब्याच्या पट्टीने रोज घासते, कधी कधी रक्त येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. कानबाईच्या गाण्यांना मी पहिलं कडवं सांगितलं, तर धुरपदाबाईने पदर नाकाला लावला. तिला वाटलं, मला दिसलं नाही. भाविका मांडीवर होती. ती म्हणाली, "आजी, तू गाऊ नको ना, मला मळमळतं." सगळ्या बायका एकदम पाटाकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मूर्ती नदीत सोडली आणि तिथेच मनात मौन बोलले. लोक माझ्या पाया पडतात ते या मौनाच्या.

आता गिळतानाही दुखतं. आणि मला माहीत आहे हे काय आहे.

तुझे दाजी गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्याही जिभेवर आधी पांढरंच आलं होतं. शेवटचे दोन महिने खोलीत पाऊल टाकवत नव्हतं. मी सगळं केलं त्यांचं, तुला माहीत आहे, कशात कमी पडले नाही. पण रुमालात कापूर बांधून नाकाशी धरत होते. शेवटल्या दिवशी दुपारी त्यांनी हाताने खूण केली. म्हणाले, "कुंदा, आठे ये. कान आन." मी उशाशी होते, बेबी, हातभर अंतरावर. मी वाकले नाही. म्हटलं, ऐकू येतंय मला, बोला. त्यांनी मान भिंतीकडे केली. संध्याकाळी गेले. काय सांगायचं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं.

ज्या वासाला मी वाकले नाही, तोच आता माझ्या तोंडाला आला. यात डॉक्टरचं काम नाही. ज्याने दिलं तोच नेईल. कार्तिकीपर्यंत नेम पुरा होऊ दे, एवढंच मागते.

शपथ विसरू नकोस.

कुंदाअक्का


चाळीसगाव, २ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,

शपथ घेतली आहे, पाळीन. पण आता तू गप्प बस आणि वाच. गप्प तर तू आहेसच.

आपली ऋतिका इथे दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. तुझं नाव न घेता मी तिला विचारलं, मैत्रिणीचं आहे म्हणून. ती म्हणाली, "आई, तुझी मैत्रीण दम्याचा पंप घेते का?" तिने डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणतात, असे रोगी त्यांच्याकडे आठवड्याला दोन येतात. बुरशी. भाकरीवर येते तशी, तोंडात. पंपातल्या औषधाची भुकटी जिभेवर आणि घशात बसून राहते, तिथे ती धरते. त्यात तोंड कोरडं, पोट उपाशी, की आणखी फावतं. वास त्याचाच. म्हणजे हा सगळा उद्योग तुझ्या पंपाचा आहे. त्या मेल्या पंपाला चुलीत घाल आणि सुखाने गा.

आणखी सांगितलं ते असं. स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून थर हलकेच पुसायचा. पुसून निघाला आणि खाली लाल दिसलं, तर बहुतेक बुरशीच. नाही निघाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. निघाला तरी दाखवायचंच, थेंब देतात, पंधरा दिवसांत जीभ साफ होते. साखरही तपासून घ्यायची. पंप घेतल्यावर दर वेळी खळखळून चूळ भरायची, म्हणजे पुन्हा होत नाही. पट्टीने रक्त काढायचं नाही.

आणि दाजींचं म्हणशील, तर ते तंबाखूने गेले. तुझ्या न वाकण्याने नाही गेले. सहा वर्षं तू हे एकटीने गिळलंस? मी मेले होते का?

रूपाला तरी सांगू दे. शपथेतून मोकळी कर.

बेबा


॥ श्री ॥
साक्री, १२ ऑक्टोबर २०२५

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी देवघराचं दार लोटून फडक्याने पुसून बघितलं. निघालं. खाली लाल, भाजल्यासारखं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. आवाज न करता रडायची आता सवय झाली आहे.

मग एकटीच डॉक्टरकडे गेले. रूपाला पाटीवर लिहून दिलं, देवळात जाते. डॉक्टरांना चिठ्ठीवर सगळं लिहून दाखवलं. मौन आहे म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि मलाही चिठ्ठीवरच विचारायला लागले. मी म्हणजे बहिरी नाही, हे त्यांना कसं सांगणार. बुरशीच म्हणाले. साखर तपासली, ठीक निघाली. थेंब दिले, ते मी तीर्थानंतर घेतले. त्यांनी लिहिलं, "दम्याचा पंप घेता का?" मी लिहिलं, "पूर्वी घेत होते."

कारण तुझं पत्र आल्यापासून मी पंप बंद केला. तू म्हणालीस तसं केलं, चुलीत मात्र नाही घातला. देवघरात फळीवर जिथल्या तिथे ठेवला आहे, नाहीतर प्रेमराजच्या लक्षात येईल. चूळ भरायची म्हटलं तर तीर्थाआधी पाणी तोंडात जातं आणि दिव्यानंतरही जातं. नेम मोडतो. पंपच नसला तर चूळही नको आणि बुरशीही नको. देवानेच तुझ्या हातून वाट दाखवली.

जीभ आता भाविकाच्या जिभेसारखी आहे. काल तिला जवळ घेतलं, तिच्या तोंडासमोर मुद्दाम लांब श्वास सोडला. ती नुसती हसली. मला बोलावंसं फार वाटलं. पण कार्तिकीला आता वीसच दिवस आहेत. इतके काढले, तेवढेही काढीन. त्या दिवशी पहिलं कानबाईचं गाणं म्हणायचं ठरवलं आहे, अवेळी का होईना. मग तुला फोन. जीवरामभाऊंना सांग, आता तीन महिन्यांचा साठलेला तंटा येतोय.

श्वास थोडा लागतो. पायऱ्या चढताना थांबते. जिनिंग मिलला कापूस यायला लागला, हवेत तंतू आहे, आणि गल्लीत आत्तापासून फटाके आहेत. दिवाळी सरली की बरं वाटेल. पोथी मनातल्या मनात वाचते, त्याला श्वास लागत नाही.

शपथेतून मोकळी करता येत नाही, बेबी. मौन वासापायी धरलं होतं, हे मंडळात कळलं, तर पाया पडलेल्या बायका काय म्हणतील? आणि देव?

तुझी,
कुंदाअक्का


चाळीसगाव, १८ ऑक्टोबर २०२५

अक्का,

पत्र आज दुपारी हातात पडलं. आधी पंप घे, मग पुढचं वाच.

मी चुलीत घाल म्हटलं ते तोंडाची सवय म्हणून. तुला माझं तोंड माहीत नाही का? मी तर चुलीत रोज यांनाही घालते. मैत्रिणीने पंप बंद केला म्हटल्यावर ऋतिका ओरडलीच माझ्यावर. ती म्हणते, पंप कधीच आपल्या मनाने बंद करायचा नसतो. बुरशीने माणूस तोंड लपवतं, दम्याने माणूस जातं. फक्त चूळ भरायची होती ग. एक घोट पाणी घ्यायचं आणि थुंकायचं. पोटात तरी जातं का ते? नेम मोडवत नसेल, तर पंप तीर्थानंतर घे, संध्याकाळचा दिव्याआधी घे. देव काय घड्याळ लावून बसलाय?

मौन धरल्यापासून तुझा मोबाईल बंदच, म्हणून तासाभरापूर्वी मी रूपाला फोन केला होता. शपथ जिभेवर बसली होती. विचारलं, "अक्का पंप वेळेवर घेते ना?" ती म्हणाली, "घेतात मावशी, देवघरातच असतो, रोज पुसून ठेवतात." मग मी दिवाळीच्या फराळाचं विचारलं आणि ठेवला. एकदा वाटतं, पुन्हा फोन लावून सगळं सांगावं. मग आई दिसते.

पोस्टाची खिडकी बंद झाली, पाकीट सोमवारी जाईल. स्पीड पोस्टाने टाकते. भाऊबीज झाली की चोवीस तारखेला पहिल्या गाडीने येते. तोवर रोज दोन वेळा घे. आज धनत्रयोदशी आहे, दिव्याची शपथ घालते.

बेबा


साक्री, ६ नोव्हेंबर २०२५

ती. मावशींना रूपाचा नमस्कार.

तुम्ही तेराव्यापर्यंत राहिलात, पण घरभर माणसं होती आणि तुम्ही कुणाशी बोलतच नव्हता. मला तुमच्याशी बोलायचं होतं, ते राहिलं. फोनवर जमणार नाही, म्हणून आईंसारखं लिहिते.

पाडव्याला सकाळी काय झालं ते तुम्हाला यांनी सांगितलं, पण हे तेव्हा गाडी आणायला गेले होते. खोलीत मीच होते. रात्रभर गल्लीत धूर होता. आई आंघोळ करून देवघरात बसल्या आणि बसल्या बसल्या खिडकीला धरून उठायला लागल्या. ओठ निळे. मी धावले तर त्यांनी फळीवरचा पंप घेतला, एकदा ओढला, पुन्हा ओढला. छातीत जातच नव्हता. मला हाताने जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. अडीच महिन्यांनी त्या बोलल्या. म्हणाल्या, "चूळ भराले पानी दे."

एवढंच. शेजारच्या वच्छलाबाई आल्या होत्या, त्यांना फक्त पाणी ऐकू आलं. त्यांनी देवघरातलं गंगाजल तुळशीच्या पानाने तोंडात घातलं. आईंनी मान हलवली, नको म्हणून. पुन्हा म्हणाल्या, चूळ. मी पेल्यात पाणी आणलं. त्यांनी तोंडात घेतलं, पण थुंकायला बळ नव्हतं. माझ्या हातावर ओघळलं. गाडी आली तेव्हा काही उरलं नव्हतं.

सगळे म्हणतात, मौनात गेल्या, पुण्यवान. मी कुणाला सांगितलं नाही की त्या बोलल्या.

आणखी एक. आईंच्या वहीत रोजच्या तारखेपुढे दूध, धारणं-पारणं आणि पंपाच्या दोन बारीक खुणा असायच्या. खुणा सप्टेंबरच्या सहा तारखेला थांबल्या आहेत. पंप तर रोज पुसलेला दिसायचा. मी तुम्हाला फोनवर तेच सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, "पंपानंतर चूळ भरणे. विसरू नये." खाली दोन रेघा मारल्या आहेत.

मावशी, त्यांच्या तोंडाला श्रावणात वास यायचा. मला कळत होतं. पण सासूला तसं कसं सांगायचं? पेला वेगळा ठेवा असं त्यांनीच पाटीवर लिहून दिलं होतं, मला वाटलं सोवळ्याचं असेल. मी तोंडाच्या औषधाची बाटली आणून मोरीत ठेवली होती. त्यांनी तिला हात लावला नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी कान नेला, तेव्हा काहीच वास नव्हता.

तुमचं स्पीड पोस्टाचं पाकीट दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर, सत्तावीसला आलं. आईंच्या नावाचं आहे, म्हणून मी उघडलं नाही. तुम्ही इथे असताना गर्दीत द्यायचं राहिलं, सोबत परत पाठवते. त्यांनी तुम्हाला काही लिहिलं होतं का? चूळ कशाला मागितली असेल?

भाविका आजीची पाटी कुणाला पुसू देत नाही. तिलाही आता खोकला लागला आहे. डॉक्टर म्हणतात दमाच आहे, पंप सुरू करू.

तुमची,
रूपा


चाळीसगाव, ११ नोव्हेंबर २०२५

चि. रूपास आशीर्वाद.

पाकीट तुला परत पाठवते आहे. उघड. बरोबर तिची तीन पत्रं आहेत, तारखा लावून ठेवली आहेत, तशीच वाच. मी आईची शपथ घेतली होती आणि पाळली. फोनवर तुला एक वाक्य जास्त बोलले असते, तर आज ती माझ्याशी भांडत असती. चुलीत घाल हे शब्दही माझेच आहेत, पत्रात सापडतील. वाचून झाल्यावर तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. प्रेमराजला वाचायला दे. मंडळात द्यायचं की नाही ते तू ठरव.

तू कान नेलास, ते दुसऱ्या पत्रापाशी आलीस की तुला कळेल.

भाविकाला पंप चालू कर. भिऊ नकोस आणि आपल्या मनाने कधी बंद करू नकोस. पण दर वेळी तिला मोरीवर उभी कर आणि तुझ्या डोळ्यांसमोर खळखळून चूळ भरायला लाव. सकाळी, संध्याकाळी, देवाआधी, दिव्यानंतर.

एकादशी असली तरी.

बेबामावशी